पिळलेल्या ओळी

मी डावखुरी आहे. शाळेत वर्गबाईंनी पट्टीने बोटं लाल करून मला उजव्या हाताने लिहायला लावलं, त्यामुळे माझी सही आजही दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. बाकी सगळं डाव्या हातानेच चाललं. त्यात एकतीस वर्षं रक्त तपासण्याच्या लॅबमधली नोकरीही आली. तिथे माणसांची तोंडं बघायची वेळ येत नसे. बाटल्या यायच्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या असायच्या. मला ते फार सोयीचं होतं. माणसं नकोत असं नाही, पण समोरासमोर बसलं की काय बोलावं ते मला सुचत नाही, आणि गप्प बसलं की लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहे. तशी मी थोडी आहेही.

निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या वर्षी आवरायला काही उरलं नाही. भाऊ दर रविवारी फोन करतो, "बरी आहेस ना?" असं विचारतो, आणि मी बरी आहे म्हटलं की फोन वहिनीकडे देतो. वहिनीही तेच विचारते. एकदा शनिवारी दुकानदाराला "पिशवी नको" म्हणाले आणि लक्षात आलं, गुरुवारनंतर माझ्या तोंडून निघालेले हे पहिलेच शब्द. आवाजही जरा खरखरीत निघाला. त्या दिवशी घरी येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरशी मोठ्याने बोलून बघितलं, पण स्वतःचीच लाज वाटली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला लाँड्री आहे आणि लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर विणकामाचा वर्ग. बुधवार, शनिवार, चार ते सहा. खालच्या इस्त्र्यांमुळे त्या खोलीची फरशी कायम कोमट असते. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी विणायला गेलेच नव्हते, पाय शेकायला गेले होते.

शिकवणाऱ्या बाई स्वभावाने चांगल्या, पण शिस्तीच्या कडक. त्यांचा एक नियम होता. काम घरी न्यायचं नाही. घरी नेलं की बायका टीव्ही बघत विणतात, चुकतात, आणि मग ते निस्तरायचं बाईंना. म्हणून वर्ग सुटला की प्रत्येकीने आपलं विणकाम सुयांसकट आपल्या कापडी पिशवीत घालून भिंतीतल्या कपाटात ठेवायचं. मी नेहमी वेळेआधी अर्धा तास हजर असायची, म्हणून बाईंनी दोन महिन्यांतच दाराची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. इतका विश्वास माझ्यावर लॅबच्या साहेबांनीही टाकला नव्हता.

विणणं मात्र जमेना. बाई शेजारी बसून हात धरून शिकवायच्या आणि माझे हात त्यांच्या हातांशी भांडायचे. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही क्रोशा करून बघता का?" ते ऐकून मी उठलेच होते, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली एक ठेंगणी, केस एकदम काळेभोर रंगवलेली बाई म्हणाली, "अहो, त्यांना शेजारी कशाला बसवता? माझ्यासमोर बसवा की."

चाळीस वर्षं तिने ब्यूटी पार्लर चालवलं होतं. तिने खुर्ची ओढली, मला आपल्या थेट समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. म्हणाली, "मी आयुष्यभर लोकांना आरशातच बघत आलेय. गिऱ्हाइकाचा डावा कान मला आरशात उजवा वाटायचा, आणि तरी कुणाचा कापला नाही. तुम्ही आता आरशात बघताय असं समजा. मी काय करते ते तसंच्या तसं करा. डोकं वापरू नका."

डोकं न वापरायला मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. तिचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा. तासाभरात माझ्या सुईवर पहिली सरळ ओळ आली. ती बघून पार्लरवाली म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होता. आता केसांचं बघू. हे असले केस घेऊन तुम्ही बाहेर पडता कशा?"

असं आमचं जुळलं. पुढच्या बुधवारी "अहो"चं "अगं" झालं. ती मला लॅबवाली म्हणायची, मी तिला पार्लरवाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. कुठल्या गिऱ्हाइकाने लग्नाच्या सकाळी रडून सगळा रंग कसा घालवला, कोण कुणाच्या नवऱ्याची तक्रार कुणाच्या समोर करून बसली, सगळं ती रंगवून सांगायची. मला बोलायला लागायचंच नाही, नुसतं समोर बसायचं. आणि समोर बसणं भागच होतं, कारण ती दिसली नाही तर माझे हात अडायचे. लोकांना मैत्रिणीचा चेहरा पाठ असतो, मला तिची बोटं पाठ होती. बुधवार ते शनिवार तीन दिवस आणि शनिवार ते बुधवार चार, हे मी तेव्हाच शिकले. चार दिवसांचा भाग फार लांबायचा.

दुसऱ्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की आपण दोघींनी मिळून एक स्वेटर करू. पुढून बटणांचा, दोन्ही बाजूंना उभी वेणी असलेला. विणकामाच्या कागदावर फक्त डाव्या भागाची कृती होती. उजवा भाग करायचा तर सगळी कृती उलटी वाचावी लागते, त्यात भल्याभल्या गोंधळतात. ती म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? मी कागदाप्रमाणे विणते. तू माझ्याकडे बघून विण. तुझा आपोआप उजवा होईल." आणि तसंच झालं. एकाच कागदावरून, एकाच वेळी, तिच्या सुईवर डावा भाग वाढत गेला आणि माझ्या सुईवर उजवा. बाईंनी दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले आणि सगळ्या वर्गाला बोलावून दाखवले. माझ्या कामाचं कुणी असं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. रक्ताचा रिपोर्ट बरोबर आला म्हणून टाळ्या कोण वाजवतं?

वेणी दर आठव्या ओळीला वळवायची असते. तीन टाके तिसऱ्या सुईवर घेऊन पुढे धरायचे, मागचे तीन विणायचे, मग हे विणायचे. पहिल्यांदा ती चुकली तेव्हा सहाव्या ओळीला वळवली. मी म्हटलं, "अगं, अजून दोन आहेत." ती हसली, उसवलं, पुन्हा विणलं. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट घडली. मग एका शनिवारी तिने एकाच ओळीत दोनदा वळवली आणि मी सांगितलं तेव्हा कागदाकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं चष्मा बदलायला झालाय. चष्मा ठीक होता.

एका गुरुवारी मी भाजी घेऊन लाँड्रीवरून चालले होते. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. म्हणाली, "आज सगळ्या मेल्या कुठे?" मी म्हटलं, आज गुरुवार. ती खो खो हसली. म्हणाली, "बघ, तुझ्याशिवाय करमत नाही म्हणून आधीच येऊन बसले." बुधवार कालच होऊन गेला होता आणि काल दोन तास ती माझ्यासमोर बसली होती. मीही हसले. लाँड्रीवाल्याने सांगितलं, त्या दोन तासांपासून बसल्यात.

मला काही कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. एकतीस वर्षं मी हेच केलं होतं. एकदा आकडा चुकीचा आला तर पुन्हा बघायचं, तीनदा आला तर आकडा चुकीचा नसतो. त्या रात्री मी जुनी सवय म्हणून एका छोट्या डायरीत तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, सहाव्या ओळीला वळवली. खाली गुरुवारची तारीख. मग ती डायरी भरतच गेली.

तिला एकच मुलगी. दुसऱ्या गावात शाळेत शिकवते. कधीपासून आईच्या मागे लागलेली, इकडे राहायला ये. पार्लरवाली म्हणायची, "तिच्याकडे गेले की मी कुणाचीतरी आई एवढीच उरणार. इथे निदान पार्लरवाली तरी आहे." मुलीला जरा जरी वास लागला असता, तरी ती दुसऱ्या दिवशी येऊन आईला घेऊन गेली असती. मग माझे चार दिवस आणि तीन दिवस मिळून सातच्या सात दिवस तसेच झाले असते.

म्हणून मी अर्ध्या तासाऐवजी दोन तास आधी जायला लागले. दार उघडायचं, कपाट उघडायचं, तिची पिशवी काढायची, चूक झाली असेल तिथपर्यंत उसवायचं आणि पुन्हा विणून ठेवायचं. ओळी मोजून, जितक्या होत्या तितक्याच. चार वाजता ती यायची, पिशवी उघडायची, कामाकडे बघायची आणि विणायला लागायची. मी ताकास तूर लागू दिली नाही. वर्गातही मी आता तिला "चुकलं" म्हणेनाशी झाले. तिला वाईट वाटू नये म्हणून करतेय असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते निम्मं खरंही होतं.

यात एक अडचण होती. सुईवर प्रत्येक टाका एक पाय पुढे करून उभा असतो. उजव्या हाताने विणणारीच्या टाक्याचा उजवा पाय पुढे असतो, माझ्या टाक्याचा डावा. त्यामुळे जिथे तिचं काम संपून माझं सुरू व्हायचं ती ओळ, आणि माझं संपून तिचं सुरू व्हायचं ती ओळ, अशा दोन्ही ओळींतले टाके बुडाशी पिळले जायचे. लांबून काही दिसत नाही. जवळून बघितलं तर एक घट्ट, बारीक रेघ दिसते. ते टाळायचं कसं, हे बाईंना विचारावं लागलं असतं. मी विचारलं नाही. इतकं बारीक कोण बघतंय, असं मी म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांना न दिसणारं बघून पगार घेतलेली मी.

असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत पार्लरवाली हळूहळू कमी बोलायला लागली. तिच्या गोष्टी मध्येच थांबायच्या. कधी पिशवी उघडून काम हातात घ्यायची आणि त्यावरून बोट फिरवत नुसती बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं."

मग एका शनिवारी ती आली ती मुलीला घेऊन. शेजाऱ्यांनी फोन केला होता, नळ चालू ठेवून आई बाहेर गेली आणि जिन्यावरून पाणी वाहिलं. मुलगी उंच, थकलेली, बोलायला नम्र. आईला डॉक्टरांकडे नेऊन आली होती. तिथे आईने प्रत्येक प्रश्नाला विनोद करून डॉक्टरांना हसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, थोडं विसरायला होतंच. तरी रोज त्यांना बघणाऱ्या कुणाला विचारा.

मुलगी माझ्याजवळ बसली. पार्लरवाली नेहमीच्या जागी, माझ्यासमोर. बाईंनी कौतुकाने तो डावा भाग मुलीपुढे टेबलावर पसरला, वेण्या सरळ केल्या, आणि मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी वाकून एका ओळीवर बोट फिरवलं. मग त्याच्या खालच्या एका. मग आणखी खालच्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. वर्गात डावखुरी एकटी मीच. त्या कपाट आवरायला निघून गेल्या.

मुलीला त्यातलं काही दिसलं नाही. तिने स्वेटरवर हात ठेवला आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाली, "किती नेटकं विणते ना आई अजून. एक टाका इकडचा तिकडे नाही. मावशी, मी रात्रभर झोपले नाही हो. पण जिला हे जमतं तिला कसलं आलंय विसरणं? नळाचं काय, माझ्याकडूनही राहतो." मग तिने मला सरळच विचारलं, "तुम्ही दर आठवड्याला बघता तिला. एकटी राहू शकेल ना ती?"

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली असती, आणि बुधवारी चार वाजता पार्लरवाली माझ्यासमोर बसली असती. त्यानंतरच्या बुधवारीही. आणि मग एखाद्या दिवशी नळाऐवजी गॅस चालू राहिला असता. लॅबमध्ये एकदा एका बड्या माणसाचा रिपोर्ट बदलून द्या म्हणून साहेब स्वतः येऊन उभे राहिले होते, तेव्हा मी त्यांना दाराबाहेर काढलं होतं. साहेबांना नाही म्हणणं फार सोपं गेलं होतं.

"हे तिने विणलेलं नाही," मी म्हणाले. "हे माझं आहे."

मुलीला कळेना. मग मी एकेक ओळ दाखवली. इथून इथपर्यंत तिची, इथून इथपर्यंत माझी. ही रेघ दिसते का? हिच्यावर माझी, हिच्याखाली तिची. वर येता येता तिचे पट्टे अरुंद होत गेले होते आणि माझे रुंद. शेवटच्या वीतभर कापडात तिचं जवळजवळ काहीच नव्हतं. मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "कधीपासून?" मी पर्समधून डायरी काढून तिच्या हातात दिली. तिने पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, आणि तिचे डोळे भरून आले. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी पार्लरवालीकडे बघायचं टाळत होते. पण आमच्या खुर्च्याच अशा की टाळणार कुठे?

ती रागावलेली नव्हती. तिने तो तुकडा स्वतःकडे ओढला आणि वरच्या एका वेणीवर बोट ठेवलं. म्हणाली, "ही चुकली होती ना? मी दोनदा वळवली होती."

"हो."

"आणि ही? ही मी अर्धीच सोडली होती?"

"हो."

ती बराच वेळ मान हलवत राहिली. "मला आठवायचं गं," ती म्हणाली. "घरी जाऊन आठवायचं, आज आपण चुकलो, बुधवारी गेल्यावर पहिलं ते उसवायचं. चिठ्ठीवर लिहून ठेवायची मी. आणि इथे येऊन पिशवी उघडली की सगळं बरोबर. मला वाटायला लागलं, चुकल्याचं आठवतंय तेही खोटंच आठवतंय. म्हटलं, आता संपलं. जे झालं ते विसरते आणि जे झालंच नाही ते आठवते. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. पाच महिने रोज रात्री जागी राहिले मी त्या भीतीने." तिने हात पुढे करून माझं मनगट धरलं. "आठवत होतं ते खरं होतं ना? नक्की सांग."

"खरं होतं," मी म्हणाले. "सगळं खरं होतं." मी तिच्या चुका पुसत होते आणि तिला वाटत होतं तिचं डोकंच पुसलं जातंय. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रक्तात दोष शोधले, पण हा दोष मला दिसला नाही.

मुलीने आठवडाभराची रजा काढली. सामान बांधायचं, घराचं बघायचं, नवे डॉक्टर शोधायचे. पुढच्या रविवारी निघायचं ठरलं. मधल्या बुधवारी मी वर्गाला गेले ती चारच्या ठोक्याला, एक मिनिट आधी नाही. किल्ली मी शनिवारीच बाईंना परत केली होती. त्यांनी ती घेतली आणि म्हणाल्या, "बसा हो, थंडी आहे." तेवढंच. पार्लरवाली येईल असं मला वाटत नव्हतं, आणि तिने यावं अशी अपेक्षा तरी मी कुठल्या तोंडाने करायची?

सव्वाचारला मुलगी तिला वर सोडून गेली. पार्लरवालीने खोलीभर बघितलं. मी मुद्दाम भिंतीकडच्या बाकावर बसले होते. ती आपल्या खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तिकडे काय करतेस? समोर बस."

मी समोर बसले. तिने शेवटचं वीतभर सगळं, म्हणजे माझं सगळं, आधी उसवून टाकलं. तिला वेळ लागला. मी माझंही तेवढंच उसवलं. मग आम्ही सुरुवात केली. तिचा उजवा हात, माझा डावा. ती मधूनमधून थांबायची, कुठे होतो ते शोधायची, मीही थांबायची. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी. पाचव्या ओळीत तिने वेणीचे तीन टाके तिसऱ्या सुईवर घेतले.

तीन ओळी आधी. माझ्या जिभेवर "अगं" आलं होतं. मी ते गिळलं, तिच्या हातांकडे बघितलं आणि माझे तीन टाके तिसऱ्या सुईवर घेतले, पुढे धरले, मागचे विणले. वेणी वळली. तिने विणता विणता माझ्या सुईकडे बघितलं, मग आपल्या.

"चुकलं का गं?" तिने विचारलं.

"हो, चुकलं."

"तुझंही?"

"माझंही."

"मग चालू दे," ती म्हणाली आणि पुढचा टाका घेतला.